अर्धवट राहिलेली दहावी पूर्ण करायची आहे? पात्रता, दाखले आणि अर्जाची माहिती

शाळा सुटून पंधरा-वीस वर्षं झालेली माणसं फॉर्म भरायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो. तो असतो, “माझ्याकडे दाखलाच नाही, मग चालेल का?” कुणाचा दाखला पुरात गेलेला असतो, कुणाचा घर बदलताना हरवलेला असतो. कुणाच्या दाखल्यावर माहेरचं नाव असतं आणि आधारवर सासरचं. आजवर जी माणसं फॉर्म न भरताच मागे फिरलेली पाहिली, त्यातली बहुतेक गणिताला घाबरून नाही, या कागदांना घाबरून फिरली. म्हणून आधी दाखल्यांचं बोलू आणि मग अर्जाचं.

तुम्ही ज्या शाळेत शिकलात, तिथल्या जनरल रजिस्टरमध्ये तुमचं नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची नोंद असते. हे रजिस्टर शाळेला कायम जपावं लागतं. दाखला हरवला तरी नोंद हरवत नाही. मुख्याध्यापकांच्या नावे दाखल्याच्या द्वितीय प्रतीसाठी अर्ज करा. त्यात शिकत असतानाचं पूर्ण नाव, आईचं नाव, शाळा सोडल्याचं साधारण वर्ष आणि इयत्ता लिहा. रजिस्टर क्रमांक आठवत नसेल तरी हरकत नाही, वर्ष आणि इयत्तेवरून नोंद शोधता येते. मूळ दाखला हरवल्याचं प्रतिज्ञापत्र सहसा मागितलं जातं. शासकीय कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क महाराष्ट्रात २००४ पासून माफ आहे. तेव्हा तिथे कुणी महागडा स्टॅम्प पेपर घ्यायला लावत असेल, तर तो कोणत्या नियमाने लागतो हे जरूर विचारा. शाळाच बंद पडली असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि शाळेचं दप्तर कुठे वर्ग झालं याची चौकशी करा. अर्जाची पोच मात्र हातात घेतल्याशिवाय निघू नका.

कधीच शाळेत न गेलेल्यांना वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला लागतो. जन्माची नोंदच झाली नसेल, तर आता ती करायला वेळ लागतो. एक वर्षापेक्षा जास्त उशीर झालेल्या नोंदीसाठी जिल्हाधिकारी किंवा प्रांत पातळीवरचा आदेश लागतो. हे काम प्रवेशाच्या तारखा जवळ येण्याची वाट न पाहता आधीच सुरू करा.

बायकांच्या नावाचा प्रश्न सगळ्यात जास्त अडवतो, आणि तो तसा सरळ आहे. परीक्षेच्या अर्जात दाखल्यावरचंच नाव लिहा, म्हणजे माहेरचं. आधारवर सासरचं नाव असेल, तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे हे दाखवायला विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रात प्रसिद्ध झालेला नावबदल जोडता येतो. विवाह नोंदणी झाली नसेल तर ती आत्ताही करता येते. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख हे तिन्ही दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवा. गुणपत्रिका छापून आल्यावर एक अक्षर दुरुस्त करायलाही अनेक हेलपाटे पडतात.

कुठून सुरुवात करायची

लिहिता-वाचता येत नसेल आणि वय १५ पूर्ण असेल, तर ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम तुमच्यासाठी आहे. जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नाव नोंदवा. स्वयंसेवक शिकवतात, फी नसते, आणि शेवटी वाचन, लेखन, संख्याज्ञान अशी १५० गुणांची चाचणी होते. दोन-चार इयत्ता झाल्या असतील, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे (एनआयओएस) मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत. अ स्तर तिसरीच्या, ब स्तर पाचवीच्या आणि क स्तर आठवीच्या तोडीचा मानला जातो.

थेट दहावीच करायची असेल तर प्रौढांसाठी मुख्यतः दोन वाटा आहेत. एक राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आणि दुसरी एनआयओएसचं माध्यमिक प्रमाणपत्र.

१७ नंबरचा फॉर्म भरून तुम्ही राज्य मंडळाच्या नेहमीच्या परीक्षेला खासगी विद्यार्थी म्हणून बसता. अर्ज ऑनलाइन भरायचा, एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडायची आणि कागद तिथे जमा करायचे. मूळ शाळा सोडल्याचा दाखला (नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र), आधारकार्ड आणि फोटो लागतात. पूर्वी नववी-दहावीपर्यंत शिकलेल्या आणि वर्षभर नेटाने अभ्यास करू शकणाऱ्या माणसाला ही वाट सोयीची पडते.

पण दिवसभर काम, घरी लहान मुलं, एखादं आजारपण अशा धावपळीत असणाऱ्यांना मी एनआयओएस सुचवते. प्रवेशाच्या वेळी वय किमान १४ हवं, वरची वयोमर्यादा नाही. आठवी पास असल्याचा पुरावा असेल तर जोडा. नसेल तर ‘माध्यमिक अभ्यासक्रम पूर्ण करता येईल इतका माझा अभ्यास झाला आहे’ असं स्वतःच्या सहीचं निवेदन चालतं. हे एक वाक्य किती दारं उघडतं, ते अनेकांना माहीतच नसतं.

प्रमाणपत्रासाठी किमान पाच विषय पास व्हावे लागतात आणि त्यात निदान एक भाषा हवी. प्रत्येक विषयात ३३ टक्के. नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकाच वेळी द्यायची सक्ती नाही. आज दोन विषय द्या, सहा महिन्यांनी एक, जमेल तसं पुढे जा. पास झालेला विषय नोंदणीच्या मुदतीत तुमच्या खात्यावर राहतो. पूर्वी दहावीला बसून एखाद-दोन विषयांत पास झाला असाल, तर मान्यताप्राप्त मंडळाच्या दोनपर्यंत विषयांचं श्रेय वर्ग करून मागता येतं. त्यासाठी निकाल अलीकडच्या वर्षांतला असावा लागतो. म्हणून नापासाची गुणपत्रिकाही फेकू नका. माध्यम मराठी निवडता येतं.

विषय निवडताना जरा थांबा. इथे गणित सक्तीचं नाही, त्यामुळे बरेच जण ते टाळतात. घरकाम करणाऱ्या किंवा शिपाई पदाच्या भरतीसाठी फक्त ‘दहावी पास’ हवं असणाऱ्या व्यक्तीने टाळलं तर काही बिघडत नाही. पण आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायचं असेल, तर दहावीला गणित आणि विज्ञान लागतंच. पाच विषय पास झाल्यावर हे कळलेल्या माणसाचा चेहरा पाहवत नाही. दहावी कशासाठी करताय हे आधी ठरवा, विषय नंतर. आणि नुसतं शिवणकाम किंवा वायरमनचं काम शिकायचं असेल, तर आयटीआयचे काही व्यवसाय आठवी पासलाही खुले आहेत. दहावीसाठी दोन वर्षं थांबायची गरज नाही.

एनआयओएसचा अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर भरता येतो. तो भरतानाच जवळचं अभ्यास केंद्र निवडायचं असतं. संपर्क वर्ग आणि गृहपाठ जमा करणं तिथेच होतं. गृहपाठाला २० टक्के भारांक आहे, तेव्हा तो कुणाकडून लिहून घेऊ नका. परीक्षेचा सराव होतो तो त्यातच. एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी प्रवेश साधारण आदल्या वर्षीच्या मार्चच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत चालतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरसाठी सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. नंतर विलंब शुल्क लागतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमाती, माजी सैनिक आणि दिव्यांग उमेदवारांना शुल्कात सवलत आहे, पण त्यासाठीचं प्रमाणपत्र अर्जासोबतच अपलोड करावं लागतं.

दिव्यांग व्यक्तींनी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी काढून घ्यावं. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ मिळू शकतो. त्याची मागणी परीक्षा अर्जातच नोंदवा. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर जाऊन मागितली तर बहुधा हात हलवत परतावं लागतं.

शिकता शिकता काम

दहावी पूर्ण होईपर्यंत पोट थांबत नाही. जन शिक्षण संस्थांची प्रशिक्षणं निरक्षर, नवसाक्षर आणि बारावीपर्यंत शाळा सोडलेल्यांसाठी आहेत, वय १५ ते ४५. दिव्यांगांना वयात सवलत मिळते. या संस्थांचं मूळ १९६७ मध्ये मुंबईत वरळीला सुरू झालेल्या श्रमिक विद्यापीठात आहे. शिवण, ब्यूटी पार्लर, विद्युत काम असे छोटे अभ्यासक्रम असतात आणि वर्ग वस्तीत किंवा गावात भरतात. आधार, फोटो, बँक पासबुक आणि शिक्षणाचा असेल तो कागद घेऊन थेट केंद्रावर जा.

नोकरीसाठी नाव नोंदवायला राज्याचं महास्वयंम पोर्टल आहे आणि केंद्राची राष्ट्रीय करिअर सेवा आहे. दोन्हींची नोंदणी मोफत आहे. करिअर सेवेचा मदत क्रमांक १५१४. शिक्षणाच्या रकान्यात आत्ताचं शिक्षण खरं खरं भरा, ‘सातवी’ असेल तर सातवी. निकाल लागला की पुन्हा लॉगिन करून ‘दहावी’ नोंदवा. मोबाइल क्रमांक बदलला असेल तर आधी तो दुरुस्त करा, कारण मुलाखतीचं बोलावणं त्याच क्रमांकावर येतं.