बीटी कापसाचे बोंड आणि बियाण्याच्या पाकिटाचा हिशेब

भारतातल्या बीटी कापसाचे, म्हणजे जिवाणूचे अळीनाशक जनुक घातलेल्या कापसाचे, बोंड फोडून आतली सरकी तपासली, तर तिचे सगळे दाणे सारखे निघत नाहीत. आपल्याकडे विकले जाणारे बीटी बियाणे जवळजवळ सगळे संकरित आहे. संकरित झाडात अळीनाशक प्रथिन बनवणाऱ्या प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्या झाडावर धरलेल्या सरकीत जनुकांची वाटणी मेंडेलच्या नियमाने होते. दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ मध्ये सरासरी 16 दाण्यांपैकी 9 दाण्यांत दोन्ही जनुके येतात, 6 दाण्यांत दोनांपैकी एकच येते आणि एक दाणा पूर्ण मोकळा राहतो.

गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून ही सरकीच खाते. एकाच बोंडात तिला कडक मात्रेचे, कमी मात्रेचे आणि बिनविषारी असे सगळे दाणे मिळतात. अशा मिश्र आहारावर थोडीफार सहनशक्ती असलेल्या अळ्या तगतात आणि त्यांची पिल्लावळ वाढते, असे अनेक कीटकशास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. मला हा युक्तिवाद पटतो.

या प्रथिनाचे काम मोठे सुबक आहे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतल्या जिवाणूचे हे स्फटिकी प्रथिन अळीच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तिथल्या पेशींना चिकटते आणि त्यांना छिद्रे पाडते. माणसाच्या आतड्यात ते चिकटायला तशी जागाच नसते. तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवरही त्याचा परिणाम होत नाही, म्हणून बीटी लावले तरी फवारणीचा पंप खुंटीला टांगता येत नाही.

26 मार्च 2002 रोजी केंद्राच्या समितीने महिको-मोन्सँटोच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. महिको ही जालन्याची कंपनी. त्या काळी शेतकऱ्याला खरा धाक अमेरिकन बोंडअळीचा होता आणि तिच्यावर हे जनुक जोरात चालले. फवारण्या घटल्या. 2002-03 मध्ये हेक्टरी 300 किलोच्या आसपास असलेले रुईचे उत्पादन 2007-08 पर्यंत 550 किलोपर्यंत गेले. सगळे श्रेय जनुकाचे नव्हे, कारण याच काळात गुजरातेत सिंचन वाढले, खतांचा वापर वाढला आणि नवी कीटकनाशके आली. तरी 2002 ते 2008 या काळातल्या शेतकऱ्यांच्या पाहणीवरून काथगे आणि कैम या अभ्यासकांनी बीटीमुळे एकरी उत्पादनात 24 टक्के आणि नफ्यात 50 टक्के वाढ झाल्याचे मांडले. आज देशातल्या 90 टक्क्यांहून अधिक कापूसक्षेत्रावर बीटी आहे.

आता पाकिटाकडे येऊ. सुरुवातीला 450 ग्रॅमचे पाकीट 1600 रुपयांच्या वर होते आणि त्यातला मोठा वाटा जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा होता. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितल्यावर 2006 मध्ये किंमत 750 रुपयांवर आली. पुढे केंद्राने दर नियंत्रणात घेतले आणि 2020 मध्ये हे शुल्क शून्यावर आणले. एवढे होऊनही दर हंगामात नवे पाकीट घेणे सुटले नाही. संकरित पिकाची सरकी पुन्हा पेरली तर झाडे एकसारखी येत नाहीत. आपला 2001 चा कायदा शेतकऱ्याला स्वतःचे बियाणे राखण्याचा हक्क देतो, पण संकरित वाणात त्या हक्काचा उपयोग उरत नाही. कंपनीला दरसालचा ग्राहक बांधून मिळतो.

याची किंमत शेतात मोजावी लागते. हाताने फुलांतले पुंकेसर खुडून, परागीकरण करून तयार केलेले संकरित बियाणे महाग पडते, म्हणून ते विरळ लावायचे. विरळ झाड मोठे वाढवून त्याच्याकडून भरपूर बोंडे घ्यायची, तर पीक सहा महिने आणि त्याहूनही जास्त काळ उभे ठेवावे लागते. शेवटची बोंडे थंडीत येतात आणि गुलाबी अळीचा जोर तेव्हाच असतो. त्यावर फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून पुन्हा वेचणी केली, की अळीला महिनोन्महिने अन्न मिळत राहते. कर्जाच्या हप्त्याखाली असलेला शेतकरी फुकट मिळणारी चार-दोन क्विंटलची वेचणी सोडत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. अळीत प्रतिकारशक्ती उशिरा यावी म्हणून कडेने बिगर-बीटी लावायला 120 ग्रॅमची वेगळी पिशवी मिळे, पण तीही फारशी कुणी पेरली नाही.

गुजरातेत 2002 मध्ये आलेल्या पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी 2010 मध्ये जाहीर झाली. काही वर्षांत बोलगार्ड-२ मधले दुसरे जनुकही निकामी ठरले. 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्यांनी (अळी आत शिरल्याने न उमललेल्या फुलांनी) भरलेली शेते उभी राहिली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-मजूर दगावले.

हीच गुलाबी अळी अमेरिकेतून 2018 मध्ये निर्मूलित झाल्याचे जाहीर झाले. तिथे बीटी सरळ वाणांत, म्हणजे सरकी पुन्हा पेरली तरी झाडे एकसारखी येणाऱ्या बिगर-संकरित वाणांत होते, जोडीला वंध्य पतंग सोडले गेले आणि हंगाम संपला की झाडे मोडली गेली.

आपल्याकडेही ती वाट बंद नाही. पहिले जनुक असलेल्या मूळ वाणाचे भारतात पेटंट नव्हते. ते गुलाबी अळीवर चालत नसले, तरी अमेरिकन बोंडअळीला अजून बऱ्यापैकी रोखते. ते कमी दिवसांच्या सरळ वाणात घालून दाट पेरले, तर गुलाबी अळीचा जोर येण्याआधी वेचणी उरकते आणि सरकी घरची राखता येते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे वाण तयार केले आहेत. त्यांचे पुरेसे बियाणे मे महिन्यात तालुक्याच्या कृषी केंद्रात मिळेल अशी व्यवस्था सरकारने उभी करायला हवी, कारण खाजगी कंपनीला त्यात फारसा धंदा नाही.