शंखात कोण गाजतं?

सातवीच्या मुलांना घेऊन वेंगुर्ल्याहून पणजीला गेलो होतो, मिरामारच्या विज्ञान केंद्रात. बटणं दाबून, चाकं फिरवून झाल्यावर एकाने खिशातून शंख काढून माझ्या कानाला लावला. ‘‘सर, आयका, हेच्यात दर्या गाजता!’’ दुसऱ्याने लगेच त्याला खोडलं. म्हणे, तो आपल्याच रक्ताचा आवाज, मोबाइलवर बघितलंय.

दोघांचंही चुकत होतं. रक्ताचा आवाज असता तर धावून आल्यावर शंख जास्त घुमला असता. तसं होत नाही. उलट रात्री गोधड्यांच्या कपाटात डोकं खुपसून ऐका, शंख जवळजवळ मुका होतो. त्या दालनात पोरांचा गलका होता, म्हणून तो गरजत होता. शंख स्वतः आवाज करत नाही, आजूबाजूच्या गोंगाटातले ठरावीक सूर तेवढे मोठे करतो.

नळाखाली कळशी लावली की आवाज चढत जातो आणि आजी पाठमोरी असूनही ओळखते, भरली. पाणी चढतं तशी वरची हवेची पोकळी आखूड होते, सूर उंचावतो. एका टोकाला बंद अशी ३४ सेंटिमीटरची नळी घ्या. बंद टोकाशी हवेला हलता येत नाही, उघड्या टोकाशी दाब साचत नाही. या दोन्ही अटी पाळायच्या तर नळीत पाव लहर मावली पाहिजे, नाहीतर पाऊण, नाहीतर सव्वा. अर्धी चालत नाही. पाव लहर ३४ सेंटिमीटर, म्हणजे पूर्ण लहर १.३६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणून सेकंदाला २५० कंपनं. पुढचे सूर ७५० आणि १२५०, ५०० गायब! शंख निमुळता आणि पिळाचा, त्यामुळे त्याचे सूर असे हिशेबात बसत नाहीत, एकमेकांत मिसळतात आणि नुसती घूं ऐकू येते.

पिळावरून आठवलं. लक्ष्मी आणणारा ‘दक्षिणावर्ती’ शंख म्हणून लोक हजारो रुपये मोजतात. पूजेतल्या शंखाच्या जातीत उलटा पीळ फार विरळा, हे खरं. पण अमेरिकेच्या किनाऱ्यावर एका गोगलगायीचे शंख मुळातच उलट्या पिळाचे असतात आणि तेही याच नावाखाली खपवले जातात. घुमायला दोन्ही सारखेच.

बाहेर पुळणीवर आल्यावर पोरांनी विचारलं, मग खरा दर्या कशाने गाजतो? लाट फुटताना पाण्यात हवेचे बुडबुडे कोंडले जातात आणि प्रत्येक बुडबुडा क्षणभर घंटेसारखा थरथरतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा असेल तर सेकंदाला सुमारे ३३०० वेळा, मोठा असेल तर सावकाश. हे गणित मार्सेल मिनार्ट या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली मांडलं. इथे बरीच मुलं शहाळ्यांकडे पळाली होती.

परतीच्या बसमध्ये मात्र डब्यातले स्टीलचे पेले कानाला लागले. इंजिनाच्या घरघरीत मोठा पेला खर्जात गाजत होता, लहान वरच्या सुरात.