जोड (कुस्ती) : नवोदित मल्लांच्या घडणीतील आव्हान

कुस्तीत तोलामोलाच्या प्रतिमल्लाला आणि तसा प्रतिमल्ल निवडण्याच्या क्रियेलाही ‘जोड’ म्हणतात. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या पट्ट्यात, वाढत्या वयाच्या मल्लापुढे किती अवघड आव्हान ठेवायचे हा प्रश्न ‘जोड कोणती लावायची’ याच रूपात वस्तादापुढे येतो. हलकी जोड मिळत गेली तर पोरगा जिंकत राहतो पण त्याचे डाव वाढत नाहीत. भारी जोड वारंवार पडली तर तो अंग चोरून केवळ बचाव शिकतो किंवा तालीम सोडतो.

या भागातील कुस्त्यांच्या दंगली मुख्यतः चैत्र-वैशाखातील यात्रांना जोडून होतात. ऊन चाळिशीच्या वर असल्याने कुस्त्यांना दुपार कलल्यावरच सुरुवात होते. तापीखोऱ्यातील काळी जमीन कापसाला मानवते, आखाड्याला नाही. भिजली की ती चिकटते आणि वाळली की तिची ढेकळे होतात. म्हणून आखाड्यासाठी तांबडी माती आणून तीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. पहिल्या कुस्त्या लहान पोरांच्या, रेवड्यांवरच्या किंवा नारळावरच्या असतात. एखादा कार्यकर्ता लांग (लंगोट) लावलेल्या पोराचे मनगट धरून, त्याचा हात उंच करून कडेकडेने फिरवतो आणि ‘याना जोडना कोनी शे का?’ असे अहिराणीत पुकारतो. गर्दीतून दुसरा पोरगा पुढे ढकलला जातो. पंच दोघांना खांद्याला खांदा लावून उभे करतात, उंची, मान आणि मनगटाची जाडी पाहतात, ‘कोणत्या तालमीचा, किती वर्षे खेळतोस’ एवढे विचारतात आणि मग जोड कायम करतात. वजनकाट्याचा येथे संबंध नसतो. अनुभवी पंचाची नजर बहुधा चुकत नाही, परंतु बक्षिसाची बोली लावणारा गावकरी आपल्या पोरासाठी हलकी जोड मागू लागला की ती नजर मुद्दाम चुकवली जाते, हेही प्रेक्षकांना ठाऊक असते.

तालमीतील जोड याहून गुंतागुंतीची असते. तिथे निकालाला महत्त्व नसल्याने आव्हानाचे माप वस्तादाला रोज बदलता येते. थोरल्या मल्लाला तो धाकट्याला ‘खेळवायला’ सांगतो. म्हणजे थोरल्याने पाडायचे नाही, पकड द्यायची आणि धाकट्याने ती स्वतः सोडवायची. कधी पोराला मुद्दाम खाली बसवून लढत सुरू करतात, म्हणजे सुटण्यापासूनच त्याची कसोटी लागते. कधी पटाशिवाय (प्रतिमल्लाचा पाय धरून त्याला पाडण्याच्या डावाशिवाय) दुसरा डाव करायचा नाही अशी अट घालतात. समोरच्यालाही ती ठाऊक असल्याने पट काढणे दसपट अवघड होते. आठवड्यातील काही लढती अशा भारी, काही बरोबरीच्या आणि एखादी हमखास जिंकता येईल अशी ठेवण्याचा जाणत्या वस्तादांचा प्रघात आहे. हमखास जिंकण्याची लढत ही लाड नव्हे, कारण नवा डाव प्रथम कच्च्या प्रतिमल्लावरच बसतो.

क्रीडाविज्ञानात हीच गोष्ट वेगळ्या भाषेत मांडली गेली. मार्क ग्वाडाग्नोली आणि टिमोथी ली यांनी २००४ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार सरावाची अवघडता शिकणाऱ्याच्या कौशल्याशी मोजावी लागते. जी कसरत नवख्याला गोंधळात टाकते तीच मुरलेल्याला काहीच शिकवत नाही. डेव्ह कॉलिन्स आणि आइन मॅक्नमारा यांनी २०१२ मध्ये असा युक्तिवाद केला की वाट फार गुळगुळीत केली तर गुणी खेळाडू पुढच्या पायरीवर अडखळतात. त्यांच्या लेखनाचा अर्थ काही प्रशिक्षकांनी पोरांना मुद्दाम त्रास द्यावा असा घेतला, तो चुकीचा आहे. अडचणीला तोंड देण्याची कौशल्ये आधी शिकवणे आणि धक्का बसल्यानंतर त्याची उजळणी घेणे हा त्या विचाराचा अर्धा भाग आहे. दंगलीत चितपट झालेल्या पोराला सर्वांसमोर कानफटात मारणारा वस्ताद नेमका हाच अर्धा भाग गाळतो.

वयाचा प्रश्न स्वतंत्र आहे. मुलांची उंची साधारण चौदाव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलींची बाराव्याच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते, पण तो काळ प्रत्येकात दोन-दोन वर्षे मागेपुढे होतो. त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या दोघांपैकी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पोरसवदा असतो. लवकर वाढलेला केवळ ताकदीवर जिंकतो, डाव शिकत नाही आणि इतर वाढून बरोबरीला आल्यावर मागे पडतो. उशिरा वाढणाऱ्याला मात्र तग धरण्यासाठी चपळाई आणि डावपेच कमवावे लागतात, अर्थात तोवर तो तालमीत टिकला तर. त्याच काळात हाडांच्या टोकांची वाढपट्टी नाजूक असल्याने भारी जोड धोक्याचीही ठरते. मॅटवरील स्पर्धांत वजनगट व वयोगट असतात, तरी कागदावरचे वय आणि शरीराचे वय यांतील अंतर त्याने मिटत नाही. शाळेत नाव घालताना सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिण्याची जुनी रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कागदावरचे वयही किती सैल असू शकते हे सांगावे लागत नाही. वय संशयास्पद वाटल्यास डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवतात.

मुलींना जोड मिळण्याची अडचण अधिक तीव्र आहे. गावच्या तालमीत बरोबरीची दुसरी मुलगी नसल्यास तिचा सराव मुलांशीच होतो, आणि काही पालकांना ते रुचत नाही. महिला महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली, तर पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ पासून चालू आहे, यावरून मुलींपुढील आव्हानांची शिडी किती अलीकडची आहे ते दिसते.

वरच्या पातळीवर खानदेशातील तालमींना जोडच अपुरी पडते. वजन वाढले की तालुक्यात समोर उभे राहू शकणारे दोन-तीनच मल्ल उरतात आणि ते एकमेकांचे डाव पाठ करून बसलेले असतात. त्यामुळे होतकरू मल्ल पुणे-कोल्हापूरच्या तालमींकडे वळतात, जिथे रोज नवी पकड अंगावर येते. चाळीसगाव तालुक्यातील सायगावचे विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, आणि त्यांच्यानंतर या भागातील यात्रांत लहान पोरांच्या कुस्त्यांच्या वेळी पुकारणाऱ्याच्या तोंडी त्यांचे नाव येऊ लागले.