दशांशापासून आठवड्याच्या पेनीपर्यंत: मंडळीतील दानाची पार्श्वभूमी

ख्रिस्ती मंडळीत दानाचा विषय निघाला की बहुतेक वेळा पहिला उल्लेख दशांशाचा होतो. त्याची मुळे बायबलच्या जुन्या करारात आहेत. अब्राहामाने शालेमचा राजा व याजक मलकीसदेक याला सर्व लुटीचा दहावा भाग दिला तो कोणत्याही नियमशास्त्राच्या आधी. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात दशांश लेव्यांच्या, म्हणजे उपासनास्थानाची सेवा करणाऱ्या वंशाच्या, उपजीविकेसाठी ठरला. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात मात्र याच दशांशाचे वेगळे रूप दिसते: तो देणाऱ्याने आपल्या घराण्यासह देवासमोर आनंदाने खायचा आणि दर तिसऱ्या वर्षी गावातील लेवी, उपरी, अनाथ व विधवा यांच्यासाठी ठेवायचा. आजच्या प्रवचनांत सगळा दशांश भांडारात आणा हे मलाखी संदेष्ट्याचे वचन वारंवार येते, पण देवासमोरचे हे जेवण फारसे कोणी आठवत नाही, याची खंत वाटते.

नव्या करारात दहाव्या भागाचा हिशेब मागे पडतो. येशू दानपेटीसमोर बसून पाहत असताना एक दरिद्री विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, टाकते, आणि तिने सर्वांपेक्षा अधिक टाकले असे तो म्हणतो, कारण ती तिची सगळी उपजीविका होती. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा करताना प्रेषित पौलाने करिंथ शहरातील मंडळीला आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या प्राप्तीप्रमाणे काही बाजूला ठेवावे असे सांगितले. मासेदोनियातील मंडळ्या स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असूनही या कामात सहभागी झाल्या, आणि त्यांच्याविषयी पौल लिहितो की त्यांनी प्रथम स्वतःला प्रभूला दिले. दान आणि आत्मिक वाढ यांचा संबंध इतक्या थोडक्या शब्दांत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

दुसऱ्या शतकातही हाच सूर टिकून होता. इ.स. 155 च्या सुमारास ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर सांगतो की रविवारच्या उपासनेत ऐपत आणि इच्छा असलेले लोक दान देतात व त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परके यांची काळजी घेतली जाते. सुमारे चाळीस वर्षांनी उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक तर्तुलियन महिन्याच्या दानाबद्दल लिहिताना सक्ती कोणावरही नाही हे मुद्दाम नोंदवतो.

ही स्थिती पुढे पालटली. 585 मध्ये आजच्या फ्रान्समधील मॅकॉनच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्यांना बहिष्काराची शिक्षा ठरवली आणि 779 मध्ये फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या फर्मानाने त्याला राज्याचे बळ दिले. दान कर बनला, आणि कर म्हणूनच लोकांना तो नकोसा झाला. फ्रान्समध्ये 1789 च्या क्रांतीत तो रद्द झाला, तर इंग्लंडमध्ये 1836 च्या कायद्याने त्याचे रोख रकमेत रूपांतर झाले.

इंग्लंडमध्ये दशांशाची सक्ती चालू असतानाच, 15 फेब्रुवारी 1742 रोजी ब्रिस्टलमध्ये एक साधी बैठक भरली. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. कॅप्टन फॉय यांनी सुचवले की प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. अनेकांना तेवढेही झेपणार नाही, असे कोणी म्हणताच फॉय म्हणाले की सर्वांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ते देऊ शकले तर उत्तम, नाही तर त्यांचे मी भरेन. इतरांनीही असेच अकरा शेजारी वाटून घेतले. दर आठवड्याला पेनी घ्यायला हे लोक घरोघर जाऊ लागले आणि तिथे त्यांना पैशापलीकडचे दिसू लागले: कोणाचे जीवन विश्वासाला न शोभणारे होते, याची माहिती ते वेस्लींकडे आणू लागले. आपल्याला इतके दिवस हवे होते ते हेच, असे वेस्लींना तत्काळ जाणवले. घरोघर फिरणे अवघड ठरू लागल्यावर प्रत्येक गट आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागला, आणि जिथे पेनी जमा होई तिथेच प्रत्येकाच्या आत्मिक स्थितीची विचारपूस होऊन शेवटी प्रार्थना होई.