जुनाट अपचन : चिनी पारंपरिक वैद्यक आणि लांछनाचा प्रश्न

चार घास पोटात गेले की पोट भरल्यासारखे वाटणे, जेवणानंतर वरचे पोट तासन्‌तास तटतटणे, छातीखाली दुखणे किंवा जळजळणे, आणि तरीही एंडोस्कोपीत जठर स्वच्छ दिसणे, या अवस्थेला आधुनिक वैद्यक कार्यात्मक अपचन म्हणते. अशा विकारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय ‘रोम निकषां’च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार तक्रारी सुरू होऊन किमान ६ महिने झालेले असावे लागतात आणि गेले ३ महिने त्या चालू असाव्या लागतात. दुखणे खरे असते, पण कागदावर काहीच सापडत नाही. मग घरचे ‘मनाचे खेळ’ म्हणतात आणि रुग्णालाही स्वतःची शंका येऊ लागते. चीनमध्ये असे अनेक रुग्ण पारंपरिक वैद्याकडे जातात. औषधाचा गुण हे त्याचे एक कारण आहे, पण तिथे दुखणे खोटे ठरत नाही हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

या तक्रारीची चिनी परंपरा जुनी आहे. इ. स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग या वैद्याने छातीखाली भरल्यासारखे वाटते पण दुखत नाही अशा विकारावर ‘बानशिआ शिएशिन तांग’ हा काढा सांगितला. पिनेलियाचा कंद, सुंठ, जिनसेंग, ज्येष्ठमध, चिनी बोरे आणि हुआंगलिआन व हुआंगछिन ही दोन कडू मुळे, अशी त्यात सात द्रव्ये आहेत. हा काढा आजही दिला जातो. पुढे ली दोंगयुआन या वैद्याने (११८०–१२५१) प्लीहा आणि जठर यांनाच आरोग्याचे मूळ मानले. इथे प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातला अवयव नव्हे, तर अन्नाचे रूपांतर करून ते शरीरभर पोचवणारी शक्ती. १२३२ मध्ये मंगोलांनी कैफेंगला वेढा घातला, तेव्हा ली शहरातच होता. वेढा उठल्यावर माणसे पटापट दगावू लागली. इतर वैद्यांनी त्यावर बाहेरून बाधलेल्या थंडीचे उपचार केले. उपासमार, दमणूक आणि धास्ती यांनी माणसांचे प्लीहा-जठर आतून खचले आहे, असे लीचे म्हणणे होते. १२४९ च्या ‘पीवेई लुन’ या ग्रंथात त्याने हा विचार सविस्तर मांडला. पोटाच्या दुखण्यात भीतीला आणि दमणुकीला तेव्हापासून भक्कम जागा मिळाली.

आपल्याकडच्या वाचकाला यावरून आयुर्वेदातले अग्निमांद्य आठवेल. साम्य आहेच, पण चिनी वैद्यकात भावनांचे नाते थेट अवयवांशी जोडलेले आहे. अतिविचाराने प्लीहा दुबळी होते. राग गिळला की यकृतातला ‘छी’ (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) तुंबतो आणि जठरावर चाल करतो. तपासणीतही हे दिसते. वैद्य दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटे ठेवून नाडी पाहतो. मग जीभ बाहेर काढायला सांगतो. तिच्यावर चिकट, जाड थर आहे का, कडेला दातांचे ठसे उमटले आहेत का, हे निरखतो. भूक, शौच, झोप, चिडचिड यांची चौकशी एकाच ओघात होते. घरातले भांडण किंवा नोकरीतली घुसमट सांगताना रुग्णाला आपण मनोरुग्ण ठरू अशी धास्ती राहत नाही. बाहेर पडताना त्याच्या हातात पोटाच्या दुखण्याचेच नाव असते, आणि ते नाव तो घरी, कचेरीत, सोयरिकीच्या बोलण्यातही उघडपणे सांगू शकतो. चीनमध्ये मानसिक आजाराचा बोल एका माणसावर थांबत नाही, सगळ्या घराला लागतो आणि लग्ने अडतात. हे लक्षात घेतले की या आडोशाचे मोल कळते.

मानववंशशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चांगशा येथील हुनान वैद्यकीय महाविद्यालयात ‘मज्जातंतूंची दुर्बलता’ (थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे अशा तक्रारींना दिले जाणारे नाव) असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतले ८७ नैराश्याच्या निकषांत बसत होते, पण बहुतेकांची तक्रार शरीराची होती. ते मनातले लपवत होते असा याचा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. व्यथा ज्या भाषेत ऐकून घेतली जाते, त्या भाषेत माणूस ती सांगतो.

मात्र या आडोशाची किंमतही मोजावी लागते. नैराश्य वर्षानुवर्षे काढ्यांखाली झाकून राहू शकते. अमिट्रिप्टिलिनसारखे नैराश्यावरचे औषध अल्प मात्रेत काही अपचनग्रस्तांना गुण देते. पण डॉक्टरने कारण समजावले नाही, तर वेष्टनातला कागद वाचून रुग्ण गोळी बंद करतो. २०१६ पासून रोम निकष अशा विकारांना आतडे आणि मेंदू यांच्यातील देवाणघेवाणीचे विकार म्हणतात. रुग्णाला हे नीट सांगितले तर गोळी घेण्यातली लाज कमी होऊ शकते.

लांछनाची दुसरी बाजू खुद्द वैद्यकाच्या वाट्याला आली. फेब्रुवारी १९२९ मध्ये चीनच्या तेव्हाच्या नानजिंग सरकारच्या आरोग्य समितीपुढे पारंपरिक वैद्यक मोडीत काढण्याचा प्रस्ताव आला. १७ मार्चला वैद्यांनी शांघायमध्ये एकत्र येऊन विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ आणि चेंगदू येथे सरकारी महाविद्यालये निघाली. तरी ‘अडाण्यांचे औषध’ हा शिक्का परदेशात आणि कित्येक रुग्णालयांत टिकून आहे. डॉक्टर हसतील म्हणून रुग्ण काढ्याबद्दल बोलत नाही, आणि हे गप्प राहणे धोक्याचे आहे. ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटते. अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या वनस्पतींनी बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली. ते औषध वजन घटवण्यासाठी होते. वजन आपोआप घटणे, काळी शौच, गिळायला त्रास, रक्तक्षय यांपैकी काहीही असेल, तर काढा किंवा अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया यांच्या आधी एंडोस्कोपी झालीच पाहिजे.

पुराव्याच्या बाबतीत सगळ्या उपचारांना एका मापाने मोजता येत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी चाचणीत जेवणानंतर पोट जड होणाऱ्या २७८ रुग्णांना ४ आठवड्यांत १२ वेळा सुया टोचल्या. खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरने ८३ टक्क्यांना, तर नकली टोचणीने सुमारे ५२ टक्क्यांना बरे वाटले. नकली टोचणीतही निम्म्या लोकांना आराम पडला, याचा अर्थ आपुलकीने झालेल्या तपासणीचाही यात वाटा असू शकतो. जपानमध्ये चिनी परंपरेतूनच आलेला ‘रिक्कुन्शितो’ हा काढा आधुनिक डॉक्टर कार्यात्मक अपचनावर लिहून देतात. तिथे रुग्णाला दोन डॉक्टरांपासून दोन गोष्टी लपवाव्या लागत नाहीत.