करिश्माई ख्रिस्ती चळवळींतील एकाधिकारशाही

पवित्र आत्म्याचे दान लाभल्याचा दावा करणाऱ्या पुढाऱ्याने बायबलमधील वचनांच्या आधारे अनुयायांकडून निर्विवाद आज्ञापालन मागण्याची प्रवृत्ती. ‘कारिस्मा’ (कृपादान) हा ग्रीक शब्द बायबलच्या नव्या करारात मुख्यतः प्रेषित पौलाच्या पत्रांत येतो. तेथे कृपादाने साऱ्या मंडळीत (विश्वासणाऱ्यांच्या समुदायात) वाटलेली आहेत, एका व्यक्तीपाशी साठलेली नाहीत. त्याला पुढारीपणाचा अर्थ देणारा समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने ही संज्ञा रूडोल्फ झोम या चर्च-कायद्याच्या अभ्यासकाकडून घेतली.

करिश्माई चळवळीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. रूढ इतिहास लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील प्रार्थनासभांपासून (१९०६) सुरू होतो. परंतु पुण्याजवळील केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या मध्यासच असे ‘संजीवन’ (धार्मिक जागृती) घडले होते. त्यामुळे एकच उगम न मानता अनेक केंद्रे मानणारे मत अधिक ग्राह्य वाटते. या रमाबाईंनीच इंग्लंडमधील वास्तव्यात, पाद्री वा बिशप यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मानण्यास आपण बांधील नाही, असे आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिन या जोगिणीला कळवले होते. कॅथलिक शाखेचा आरंभ १९६७ मध्ये पिट्सबर्गच्या ड्युकेन विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या एकांतसाधनेपासून धरतात.

पुढाऱ्यांचा आधार प्रामुख्याने दोन वचनांवर असतो. पहिले नव्या करारातील ‘इब्री’ या पत्रातले (इब्री १३:१७). मराठी भाषांतरात येथे ‘अधिकाऱ्यांच्या’ आज्ञेत राहण्यास सांगितले आहे आणि अधिकारी म्हटले की आपल्याकडे मामलेदार डोळ्यांपुढे येतो. मूळ ग्रीक ‘हेगूमेनोइ’चा अर्थ वाट दाखवणारे असा असून, आज्ञापालनासाठी वापरलेले क्रियापद ‘पेइथो’ (पटवणे) या धातूचे आहे. पटवून घेऊन मानणे, अशी त्याची छटा काही भाष्यकार दाखवतात. केवळ धातूवरून अर्थ काढणे धोक्याचे असते, कारण हेच रूप साध्या आज्ञापालनासाठीही येते. शिवाय लगेच पुढे ‘अधीन असा’ हेही आहे. संदर्भ अधिक निर्णायक ठरतो: त्याच अध्यायाच्या सातव्या ओवीत मंडळीला वचन सांगणाऱ्या पुढाऱ्यांच्या वर्तनाचा शेवट पारखून पाहण्यास सांगितले आहे.

दुसरे वचन ‘अभिषिक्ताला हात लावू नका’ या आशयाचे (स्तोत्र १०५:१५). टीका करणाऱ्याला गप्प करण्यासाठी ते हमखास पुढे येते. स्तोत्रात मात्र ही ताकीद राजांना आहे आणि अभिषिक्त म्हणजे परमुलखात भटकणारे अब्राहाम, इसहाक व याकोब. गुहेत हाती सापडलेल्या अभिषिक्त राजा शौलावर दाविदाने हात उचलला नाही (१ शमुवेल २४), हा दाखलाही अर्धाच सांगतात. गुहेबाहेर येताच दाविदाने त्याला सर्वांदेखत जाब विचारला होता. संदेष्ट्यांचे बोलणे इतरांनी पारखावे, हा पौलाचा नियम (१ करिंथ १४:२९) अशा उपदेशांत सहसा ऐकू येत नाही.

फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल येथील पाच उपदेशकांची ‘मेंढपाळ’ चळवळ (१९७०–८० चे दशक) हे अशा एकाधिकारशाहीचे ठळक उदाहरण. विवाह, नोकरी, घर यांसाठीही वरच्या ‘मेंढपाळा’ची संमती लागे. पाचांपैकी बॉब ममफर्ड यांनी सुमारे १९९० मध्ये जाहीर क्षमा मागितली.

गोव्यात १५१० नंतर रुजलेली कॅथलिक व्यवस्था विगार (गावच्या चर्चचा मुख्य पाद्री), कॉन्फ्राद (चर्चच्या बांधवसंघाचे सदस्य) आणि बिशप यांच्या साखळीत बांधलेली आहे. तेथील करिश्माई प्रार्थनागटही धर्मप्रांताच्या देखरेखीखाली येतात. धर्मसंघांच्या (व्रतस्थ पाद्री व जोगिणींच्या संघांच्या) बाबतीत तर वरिष्ठाने सदस्याला अंतःकरण उघडे करण्यास कोणत्याही प्रकारे भाग पाडू नये, असा १९८३ च्या चर्च-संहितेचा नियम आहे (कलम ६३०). स्वतंत्र मंडळ्यांना, ज्यांना गोव्यात सरसकट ‘बिलिव्हर’ म्हणतात, अशी वरची पायरी नसते. पास्टरविरुद्धची तक्रार बहुधा पास्टरकडेच जाते. कॅथलिक घरांत ‘बिलिव्हर’ या शब्दाला नापसंतीचीही छटा आहे. सार्वजनिक वाद मात्र धर्मांतरापाशीच घुटमळतो.