मरणावरचं पुस्तक की शोकावरचं?

दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात. घरात कुणी गेलेल्या माणसाला पुस्तक भेट देणाऱ्याची गफलत होते ती तिथेच.

मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांचं 'ऑन डेथ अँड डाइंग' (१९६९) बेतलंय मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर. नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार हे गाजलेले पाच टप्पे त्या रुग्णांचे, मागे राहिलेल्यांचे नव्हेत. डॉक्टर-नर्सना मोलाचं पुस्तक, पण घरात नुकतं कुणी गेलं असेल तर ते बोचतं. रुग्णाला आजार कसा सांगावा, यावर त्यात बराच भर आहे. आपल्याकडे कितीतरी घरांत ठरलेलं असतं, "पेशंटला काही सांगू नका." त्या घरातली बाई हे वाचते आणि 'ह्यांना आपण शेवटपर्यंत अंधारात ठेवलं' हे मनात धरून बसते. आता निस्तरता येण्यासारखं काही उरलेलं नसतं.

शोकावरचं पुस्तक माणूस गेल्यानंतर सुरू होतं. ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांची पत्नी १९६० मध्ये गेली. तेव्हा वह्यांत केलेली टिपणं १९६१ मध्ये 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' म्हणून टोपणनावाने छापली गेली. पुस्तक लहानसं, भाग चार. देवावर चिडलेल्याला ते जवळचं वाटतं. जिला सध्या हरिपाठाचाच आधार आहे तिला मात्र देऊ नये. कुब्लर-रॉस यांनीही डेव्हिड केसलर यांच्यासोबत मागे राहिलेल्यांसाठी वेगळं पुस्तक लिहिलं, 'ऑन ग्रीफ अँड ग्रीविंग' (२००५). नुसतं लेखिकेचं नाव सांगून मागवलं तर १९६९ चंच हातात पडण्याची शक्यता जास्त.

मलपृष्ठावर विसंबू नका. आतली दहा पानं चाळा आणि बोलतंय कोण ते बघा: आजारी माणूस, डॉक्टर की मागे राहिलेला? इस्पितळाची वर्णनं किती, तेही पाहा. मराठीच वाचणाऱ्या आजींसाठी रमाबाई रानडे यांच्या आठवणी (१९१०) चांगल्या. त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये गेले, त्यानंतरचं हे लेखन, पण त्यात शोकापेक्षा सहवास जास्त.

तेराव्याच्या आत देऊ नका. तेव्हा घरात माणसं, फोन, दाखल्यांची धावपळ. महिना-दीड महिन्याने वर्दळ ओसरते, तेव्हा द्या. त्या काळात चार ओळींपुढे लक्ष लागत नाही, म्हणून प्रकरणं छोटी हवीत. पहिल्या पानावर "लवकर सावर" नको. गेलेल्याचं नाव आणि त्यांची एखादी आठवण लिहा. नंतर "वाचलंस का?" म्हणून फोन करू नका. करायचाच तर डबा आणू का, ते विचारायला करा.